वाऱ्याचा हिशोब ठेवणारं विमान

या पोरांनो, गच्चीवरच बसा. आज गोष्ट राजाराणीची नाही. आज गोष्ट वाऱ्याची, आणि त्या वाऱ्यातून साठ-पासष्ट टनांचं धूड अलगद जमिनीवर आणणाऱ्या माणसांची. करावे गावात जन्मलेल्याला वारा शिकवावा लागत नाही, असं माझे वडील म्हणायचे. पण त्यांच्या हयातीत खाडीपलीकडे विमानतळ नव्हता, तेव्हा त्यांच्या बोलण्यात थोडी भर घालायला माझी हरकत नसावी.

तिकडे आग्नेयेला बघा. तिथे उलव्याची टेकडी होती. ती कापली, उलवा नदीचं पात्र वळवलं, दहा गावं उठवली आणि ३,७०० मीटर लांबीची धावपट्टी केली. ११ ऑक्टोबर २०२४ ला हवाई दलाचं सी-२९५ विमान तिच्यावर पहिल्यांदा टेकलं. त्याच वर्षीच्या २९ डिसेंबरला चाचणीसाठी एअरबसचं ए-३२० हे प्रवासी विमान आलं. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवाशांची ये-जा सुरू झाली. याच विमानतळाला भूमिपुत्रांचे नेते दि. बा. पाटलांचं नाव मिळावं म्हणून आपल्या लोकांनी मोर्चे काढले, मानवी साखळ्या केल्या. दि. बा. कोण हे ज्याला ठाऊक नसेल त्याने उद्या वेगळं येऊन बसावं, ती गोष्ट एका रात्रीत संपायची नाही.

आता मूळ प्रश्न. बाय, तू विचारलंस की विमानं रोज एकाच बाजूने का उतरत नाहीत. कधी खाडीवरून येतात, कधी पनवेलकडून. प्रश्न चांगला आहे. याचं उत्तर कळलं की अर्धी विमानविद्या कळली.

शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलात ना? दुपारी जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर चढते, आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा आत येते. तो खारा वारा, आपल्याकडे पश्चिमेचा. रात्री जमीन लवकर निवते, समुद्र ऊब धरून राहतो, आणि पहाटे वारा डोंगराकडून समुद्राकडे वाहू लागतो. तो मतलई. थंडीच्या दिवसांत सकाळी हा पूर्वेचा वारा अंगाला चांगला जाणवतो. पूर्वी आपल्या होड्या मतलईवर शीड लावून बाहेर जायच्या आणि खाऱ्या वाऱ्यावर घरी यायच्या.

विमानाचं नेमकं उलट. त्याला वारा पाठीवर नको, तोंडावर हवा. म्हणून आपल्याकडे धावपट्टी बांधताना ती साधारण पूर्व-पश्चिम ठेवतात. नव्या विमानतळाच्या पट्टीची दोन टोकं ०८ आणि २६ या नावांनी ओळखली जातात, म्हणजे होकायंत्रावरचे ८० आणि २६० अंश. मुंबईची मोठी पट्टी ०९ आणि २७, जवळपास तीच दिशा. पश्चिमेचा वारा असेल तर पनवेलकडून येऊन पश्चिमेला तोंड करून उतरायचं, पूर्वेचा असेल तर खाडीकडून येऊन पूर्वेला तोंड करून. वारा अगदीच मंद असेल तर नियंत्रण कक्ष आपल्या सोयीची दिशा देतो.

पक्ष्यांना हे कुणी शिकवलं नाही. इथल्या टी. एस. चाणक्यच्या पाणथळीत रोहित येतात तेव्हा नीट बघा. उडताना वाऱ्याकडे तोंड करून पाण्यावरून धावत सुटतात, उतरतानाही वाऱ्याकडे तोंड. माणसांची विमानंही सुरुवातीला अशीच उतरायची. १९३२ साली, १५ ऑक्टोबरला, जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, तेव्हा जुहूचा विमानतळ म्हणजे मोकळं मैदान होतं. पावसाळ्यात तिथे इतका चिखल व्हायचा की टाटांची विमानसेवा चार महिने पुण्याला हलवावी लागे. पण त्या मैदानांचा एक गुण होता. वारा जिकडून असेल तिकडे तोंड करून उतरता यायचं. विमानं जड झाली, डांबरी पट्ट्या आल्या, आणि ही मोकळीक गेली. पट्टी जिथे आहे तिथेच आहे, वारा मात्र फिरतो. तेव्हापासून वैमानिकाला वाऱ्याचा हिशोब बोटावर ठेवावा लागतो.

हा हिशोब समजायला खाडीत उतरूया.

ओहोटी लागली आहे, पाणी समुद्राकडे ओढ घेतं आहे, आणि आपण होडी वल्हवत पनवेलच्या दिशेने, म्हणजे ओढीच्या विरुद्ध निघालो आहोत. समजा, वल्ह्यांच्या जोरावर होडी पाण्यातून ताशी पाच किलोमीटरने जाते आहे आणि पाणी ताशी तीनने उलटं येतं आहे. काठावरच्या तिवरांकडे बघाल तर आपण ताशी दोननेच सरकतो आहोत. म्हणजे होडीला एकाच वेळी दोन वेग आहेत, एक पाण्याशी आणि एक काठाशी. सुकाणूला यातला कुठला कळतो? पाण्याशी असलेला. सुकाणूवरून पाणी जेवढ्या जोरात जाईल तेवढं ते चावतं, होडी तेवढी हाताच्या कह्यात राहते. काठ कुठे राहिला, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

आता होडी पुलाच्या जाड खांबामागे शिरली. तिथे पाणी थबकलेलं, ओढ जवळपास नाहीच. क्षणात काय होतं? होडी काठाशी दोननेच चालली होती, तिच्या अंगात जोर तेवढाच. समोरचं तीनचं पाणी एकाएकी नाहीसं झालं, तर पाण्याशी असलेला वेगही पाचावरून दोनावर आला. सुकाणू हातात ढिलं लागतं. चार वल्ही जोरात मारली की पुन्हा ठीक होतं. होडीचं यात काही बिघडत नाही, कारण ती वेग असो नसो, तरंगतेच.

विमान तरंगत नाही. ते फक्त वेगावर वर राहतं, आणि तो वेग हवेशी असलेला वेग. एवढं एक वाक्य नीट ध्यानात ठेवा, पुढचं सगळं त्यातूनच निघतं.

हवेशी असलेला वेग मोजायला विमानाच्या नाकाजवळ एक बोटाएवढी नळी असते, तोंड पुढे केलेली. समोरून येणारी हवा तिच्यात कोंबली जाते, तो दाब मोजायचा आणि त्यावरून वेग काढायचा. तिचं नाव पिटॉट नळी. आंरी पिटो नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने १७३२ साली ती शोधली, आणि कशासाठी म्हणाल तर पॅरिसच्या सीन नदीच्या पाण्याचा वेग मोजायला! विमानं यायला अजून पावणेदोनशे वर्षं होती. नदीसाठी केलेलं यंत्र आज विमानांवर बसलं आहे. जमिनीशी असलेला वेग विमान वेगळ्या यंत्रांनी आणि उपग्रहांच्या मदतीने काढतं. या दोन वेगांतला फरक म्हणजे त्या क्षणी, त्या उंचीवर वाहणारा वारा. म्हणजे उडतं विमान स्वतःच वारा मोजणारं यंत्र असतं.

आता आकडे. घाबरू नका, थोडेच आहेत. वैमानिक वेग नॉटमध्ये मोजतात, दर्यावर्दी मोजतात तसाच. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. पंखामागच्या झडपा, म्हणजे फ्लॅप, पूर्ण उघडून उतरायला आलेलं ए-३२० साधारण १३५ नॉटने येतं, म्हणजे ताशी २५० किलोमीटर. वजन कमी असेल तर थोडं कमी, जास्त असेल तर थोडं जास्त. हा आकडा मनाचा नसतो. ज्या वेगाला पंख हवा धरायचं सोडून देतो, ज्याला स्टॉल म्हणतात, त्याच्यावर साधारण २३ टक्के शिल्लक ठेवून हा पायाचा वेग काढतात. शिल्लक का? पंखाची उचल वेगाच्या वर्गाने बदलते म्हणून. १३५ वरून वेग १२० वर आला, तर पंधराच नॉट गेले असं वाटतं, पण उचल पाचव्या हिश्शाने कमी झालेली असते. साठ टनांतले बारा टन एकाएकी कुणी उचलायचे?

आणि ते पंधरा नॉट वारा कधीही नेऊ शकतो, खांबामागच्या पाण्याने नेले तसे. त्याला वादळ लागत नाही. साधा नियम आहे: जमिनीजवळ वारा मंद असतो. झाडं, घरं, टेकड्या, नुसतं गवतसुद्धा त्याला अडवतं. हजार फुटांवर तीस नॉटचा वारा असेल तर धावपट्टीशेजारच्या दहा मीटर उंच खांबावर त्याचे दहाच नॉट उरलेले असू शकतात. विमान शेवटच्या दोन मिनिटांत हजार-पंधराशे फूट खाली येतं आणि तेवढ्या वेळात समोरचा वारा त्याच्या अंगावरून उतरत जातो. प्रत्येक नॉट गेला की हवेशी असलेल्या वेगातला एक नॉट गेला. शिवाय वारा एकसारखा उतरत नाही. तो झोतांनी येतो, मध्येच पडतो, पुन्हा उसळतो.

मग काय करायचं? थोडा जास्त वेग घेऊन यायचं. किती, इथे खरी गंमत आहे, कारण विमान बनवणाऱ्या दोन बड्या कंपन्यांनी दोन निरनिराळी उत्तरं दिली.

बोइंगचा रिवाज जुन्या वळणाचा, बोटांवर मोजता येणारा. नियंत्रण कक्षाने सांगितलेल्या समोरच्या स्थिर वाऱ्याचा निम्मा भाग घ्यायचा, झोत स्थिर वाऱ्याच्या वर जेवढा असेल तो सगळा घ्यायचा, आणि ही बेरीज पायाच्या वेगात मिळवायची. वारा थेट समोरून १६ नॉट आणि झोत २२ चे असतील तर आठ अधिक सहा, चौदा नॉट. पाचाच्या खाली जायचं नाही, पंधराच्या वर जायचं नाही. यातला स्थिर वाऱ्यापायी घेतलेला भाग चाकं टेकण्याआधी सोडून द्यायचा, झोतांपायी घेतलेला मात्र टेकेपर्यंत सांभाळायचा. कारण झोत शेवटच्या वीस फुटांतही दगा देतो. वैमानिक हाताने इंजिनाचा जोर सांभाळत असेल तेव्हाचा हा हिशोब. स्वयंचलित यंत्रणा शेवटपर्यंत चालू असेल तर पाच नॉटची भर पुरते, कारण बाकीची धावपळ ती करते.

एअरबसने वेगळा विचार केला. १९८८ पासून ए-३२० विमानं प्रवाशांना घेऊन उडू लागली, आणि पुढच्याच वर्षी ती इंडियन एअरलाइन्सकडे आली. या विमानात संगणक वेगाचं लक्ष्य एकदा ठरवून गप्प बसत नाही, तर क्षणाक्षणाला बदलत राहतो. या युक्तीचं नाव ग्राउंड स्पीड मिनी. बाबू, कागद-पेन्सिल घे.

पायाचा वेग १३०. जमिनीवर समोरचा वारा १० नॉट, त्यासाठी पाचाची भर, म्हणून टेकायला येतानाचा वेग १३५. त्या वेळी जमिनीशी असलेला वेग किती? १३५ वजा १०, म्हणजे १२५. संगणक हा १२५ मनात पक्का धरतो आणि म्हणतो, जमिनीशी वेग याच्या खाली जाऊ द्यायचा नाही. आता विमान अजून वर आहे आणि तिथे समोरचा वारा ३० आहे. मग तिथे हवेशी वेग किती हवा? १२५ अधिक ३०, म्हणजे १५५. थोडं खाली आलं, वारा २० झाला, लक्ष्य १४५. अगदी खाली, वारा १०, लक्ष्य १३५. विमान जमिनीशी सारख्याच वेगाने सरकत राहिलं, आणि वाऱ्याने जेवढं काढून घेतलं तेवढंच त्याच्याजवळ आधीपासून जास्तीचं होतं. ना कमी, ना अधिक.

मला यातलं मर्म असं वाटतं. साधा माणूस काय करेल? समोरून जोराचा झोत आला, वेगाचा काटा वर गेला, की म्हणेल वेग फार झाला, इंजिनाचा जोर कमी करा. आणि दुसऱ्या क्षणी झोत पडला की वेगही पडलेला, जोरही पडलेला. ही युक्ती उलट सांगते. झोत आला आहे म्हणजे तो जाणारही आहे; लक्ष्यच वर ने आणि जोर काढू नको. विमानात बसून उतरताना इंजिनाचा आवाज वर-खाली होतो ना, आणि शेजारचे काका खुर्चीचा हात घट्ट धरतात? ते हेच चाललेलं असतं. आवाज बदलतो आहे म्हणजे कुणीतरी जागं आहे.

जेट इंजिनाची एक खोड इथे सांगायला हवी. ते पूर्ण मंद करून ठेवलं असेल तर मागितल्याबरोबर जोर देत नाही, फिरकी पकडायला सात-आठ सेकंद घेऊ शकतं. १४ फेब्रुवारी १९९० ला मुंबईहून निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं नवं कोरं ए-३२० बंगळुरूला उतरत होतं. हवा स्वच्छ होती, वाऱ्याची काही तक्रार नव्हती. पण इंजिनं मंद राहिली, वेग ठरल्या आकड्याच्या खाली घसरत गेला आणि लक्षात येईपर्यंत उशीर झाला. जोर मागितला, तो येण्याआधी विमान धावपट्टीअलीकडच्या गोल्फच्या मैदानावर आदळलं. १४६ पैकी ९२ माणसं गेली. वाऱ्याने न चोरताही वेग जाऊ शकतो, म्हणून उतरताना दोघांपैकी एका वैमानिकाची नजर वेगाच्या आकड्यावर असावीच लागते आणि आकडा सरकला की त्याने तोंडाने म्हणावं लागतं.

मग भरपूर वेग ठेवूनच का येत नाहीत? हा प्रश्न थोरल्याच्या ओठावर आलेला दिसतो. कारण धावपट्टी संपते. हवेत वेग म्हणजे आधार, पण चाकं टेकली की तोच वेग ओझं होतो, आणि तिथे हिशोब जमिनीशी असलेल्या वेगाचा. समोर दहा नॉट वारा असताना १२५ ने टेकणारं विमान, पाठीमागे दहा नॉट असेल तर १४५ ने टेकतं. फरक वीस नॉटचा, पण ब्रेकनी जिरवायची ऊर्जा तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाढलेली असते. म्हणून बहुतेक विमानांना पाठीवरचा वारा दहा-पंधरा नॉटपर्यंतच चालतो. त्यात जास्तीचा वेग घेऊन आलेलं विमान चटकन टेकतही नाही, पट्टीवरून तरंगत पुढे जातं. खालून जाणारा एकेक मीटर परत मिळत नाही.

आपल्या पावसाळ्यात हे फार महागात पडतं. १ जुलै २०१९ च्या रात्री, मुसळधार पावसात, जयपूरहून आलेलं एक बोइंग ७३७ मुंबईच्या मोठ्या धावपट्टीच्या टोकापलीकडे जाऊन चिखलात रुतलं. माणसं वाचली, पण मोठी पट्टी काही दिवस बंद राहिली. पुढच्या वर्षी, ७ ऑगस्ट २०२० ला, दुबईहून आलेलं विमान कोझिकोडला पाठीवर वारा घेऊन ओल्या पट्टीवर उतरलं, निम्मी पट्टी मागे पडल्यावर टेकलं आणि टोकाच्या उतारावरून खाली गेलं. दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले. पावसात विमान जरा धपकन टेकलं तर वैमानिकाला नावं ठेवू नका. चाकाखालचा पाण्याचा थर फोडून रबर डांबराला लागावं म्हणून तसं मुद्दाम टेकवतात. अलगद उतरलं म्हणून टाळ्या वाजवणारे लोक असतात, पण ओल्या पट्टीवर माझी टाळी त्या धपक्याला.

आता ज्याने वाऱ्याची सगळ्यात मोठी लबाडी पकडली त्याची गोष्ट. यात खरा नायक आहे.

जपानमध्ये क्यूशू बेटावर १९२० साली जन्मलेला तेत्सुया फुजिता नावाचा एक हुशार मुलगा. पुढे तो कोकुरा शहराजवळच्या कॉलेजात शिकवू लागला. ९ ऑगस्ट १९४५ ला अमेरिकेचं विमान दुसरा अणुबॉम्ब घेऊन निघालं, ते याच कोकुरावर टाकायला. पण शहरावर ढग आणि धूर होता, खालचं काही दिसेना, म्हणून ते नागासाकीकडे वळलं. ढगामुळे वाचलेला हा माणूस पुढे जन्मभर ढगांचाच अभ्यास करत राहिला. काही आठवड्यांनी तो नागासाकीला पाहणीसाठी गेला. तिथे त्याला दिसलं की स्फोटाच्या बरोबर खालची झाडं उभीच जळली आहेत आणि भोवतालची सगळी बाहेरच्या बाजूला झोपली आहेत, चांदणीच्या टोकांसारखी. वरून धक्का आला, जमिनीवर आपटला आणि चहूकडे पसरला.

नंतर तो शिकागो विद्यापीठात गेला आणि चक्रीवाताचा मोठा जाणकार झाला. १९७४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत एकाच दिवसात शंभरावर चक्रीवात आले. त्यानंतर छोट्या विमानातून जंगलांवरून फिरताना त्याला पडलेली झाडं दिसली. चक्रीवातात ती फिरल्यासारखी पडायला हवीत. पण एका जागी ती चांदणीच्या आकारात पडली होती. त्याला नागासाकी आठवलं.

पुढच्याच वर्षी, २४ जून १९७५ ला, न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर उतरणारं एक बोइंग ७२७ वादळी पावसात धावपट्टीच्या अलीकडेच कोसळलं. शंभरावर माणसं गेली. वैमानिक चुकला, असं म्हणणं सोपं होतं. विमान कंपनीने फुजिताला बोलावलं. त्याच्या ध्यानात आलं की त्याच्या काही मिनिटं आधी उतरलेल्या विमानांपैकी कुणाला जास्त त्रास झाला, कुणाला काहीच नाही. म्हणजे संकट लहान जागेतलं आणि थोड्या वेळाचं होतं. त्याने सांगितलं, गडगडाटी ढगातून गार हवेचा एक लोंढा सरळ खाली येतो, जमिनीवर आपटतो आणि सगळीकडे पसरतो. त्याला त्याने मायक्रोबर्स्ट म्हटलं. चार किलोमीटरहून लहान, दोन-पाच मिनिटांत संपणारा.

आता त्यातून जाणाऱ्या विमानाचं काय होतं बघा. आधी पसरणारी हवा समोरून येते, वेगाचा काटा चढतो, विमान वर उचललं जातं. वैमानिकाला वाटतं छान चाललं आहे, तो जोर कमी करतो. मग मध्यभागी वरून लोंढा दाबतो. आणि पलीकडे गेलं की तीच पसरणारी हवा पाठीमागून येते. समोरचा वारा वीस आणि पाठीमागचा वीस धरा, तर काही सेकंदांत चाळीस नॉट गेले. मघाशी पंधरा नॉटला आपण किती घाबरलो होतो?

हवामानशास्त्रज्ञांनी आधी फुजिताला वेड्यात काढलं. मग १९७८ साली शिकागोजवळ त्याने रडार लावून असे लोंढे प्रत्यक्ष पकडून दाखवले, १९८२ साली डेन्व्हरला पुन्हा दाखवले. तरी २ ऑगस्ट १९८५ ला डॅलसला एक मोठं ट्रायस्टार विमान अशाच लोंढ्यात सापडलं आणि १३७ माणसं गेली, तेव्हा कुठे सगळे हलले. विमानांमध्ये वारा एकाएकी बदलल्याचा इशारा देणारी यंत्रं सक्तीची झाली. आज विमानाच्या नाकातलं रडार पुढच्या पावसाचे थेंब कुठल्या दिशेने ढकलले जात आहेत हे बघतं आणि यंत्राचा आवाज ओरडतो, विंडशिअर अहेड! तो ऐकल्यावर हिशोब मांडत बसायचा नसतो. पूर्ण जोर, नाक वर, निघून जायचं. वाऱ्याची चोरी दहा-वीस नॉटची असेल तोवर भर घालण्याच्या युक्त्या चालतात. दरोड्यापुढे पळणं हाच शहाणपणा.

आपल्याकडे असं कुठे होतं, असं म्हणू नका. वळवाच्या पावसाआधी एकाएकी गार वारा सुटतो, धूळ उडते, वाळत घातलेली सुकट गोळा करायला सगळ्यांची धावपळ होते. तो वारा येतो कुठून? ढगातून खाली येऊन पसरलेली हवाच ती. १३ मे २०२४ ची संध्याकाळ आठवा. मुंबई-नवी मुंबईवर धुळीचं वादळ आलं, घाटकोपरला भलामोठा जाहिरात फलक पेट्रोल पंपावर पडून १७ जण गेले. त्या संध्याकाळी मुंबई विमानतळाने तासाभराहून थोडा जास्त वेळ विमानांची ये-जा थांबवली आणि वर असलेली पंधराएक विमानं दुसऱ्या शहरांकडे वळवली. लोक त्या दिवशी विमानतळावर वैतागले होते. माझ्या मते तो निर्णय शंभर टक्के बरोबर होता.

दर वेळी वादळच लागतं असं नाही. नियम असा की जमीन हजार फुटांवर आली, ढग-पाऊस नसेल तर पाचशे फुटांवर आली, की विमान ठरल्या मार्गावर, ठरल्या वेगाला, इंजिनाच्या योग्य जोरावर स्थिर असायला हवं. वेग ठरल्यापेक्षा दहा नॉट वर किंवा पाच नॉट खाली गेलेला चालत नाही. नसेल स्थिर, तर उतरायचं नाही, पुन्हा वर जायचं. याला गो-अराउंड म्हणतात, आणि चांगल्या कंपन्यांत त्याबद्दल वैमानिकाला जाब विचारत नाहीत. विचारू लागले तर पुढच्या वेळी तो वर जायच्या ऐवजी ओढूनताणून उतरवायला बघेल.

तेव्हा पोरांनो, मोठेपणी विमानातून येताना खिडकीत खाडी दिसली, तिवरं दिसली, चाकं खाली आल्याचा आवाज झाला, आणि एवढ्यात इंजिनं गरजून विमान पुन्हा वर निघालं, तर घाबरू नका आणि घड्याळाकडे बघून कुरकुरही करू नका. शेजारी कुणी कुरकुरत असेल तर त्यालाही हे समजावा. त्या फेरीला दहा-पंधरा मिनिटं लागतात, आणि तेवढंच नव्हे तर दुसऱ्या विमानतळापर्यंत जाऊन वर अर्धा तास घिरट्या घालण्याइतकं इंधन निघतानाच भरलेलं असतं.